चिंक्वे तेर्रेत एक दिवस: एक डोंगरवाट, तीन गावं आणि सगळं कुटुंब

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, ला स्पेत्सिया या बंदराला लागून, डोंगराच्या कुशीत पाच गावं आहेत. पश्चिमेकडून मोजली तर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या सगळ्या पट्ट्याला चिंक्वे तेर्रे म्हणतात. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. फ्लोरेन्स, पिसा, मिलान किंवा जेनोवाला आलेलं कुटुंब एक दिवस काढून इथे येतं आणि बहुतेक वेळा 'पाचही गावं बघून टाकू' असं ठरवून येतं.

माझं पहिलं आणि सर्वांत कळकळीचं सांगणं हे, की पाच गावांचा हट्ट सोडा. गाडीतून उतरायचं, गर्दीतून धक्क्यापर्यंत जायचं, फोटो काढायचा, परत फलाटावर उभं राहायचं, असं पाच वेळा केलं की मुलं कंटाळतात, मोठ्यांचे गुडघे बोलू लागतात आणि ज्या डोंगरामुळे ही गावं अशी आहेत त्या डोंगरावर पाऊलही पडत नाही. एका दिवसात एक डोंगरवाट नीट चाला आणि तीन गावं निवांत बघा. खाली दिलेला बेत त्याच हिशेबाने आखला आहे: सकाळी मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा पायी, दुपार वेर्नात्सात, संध्याकाळ मानारोलात. ज्यांना चालवत नाही ते रेल्वेने पुढे येतात आणि जेवायला सगळे एकत्र भेटतात.

कधी जायचं

एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या सुट्टीमुळे जावंच लागलं तर चाल सकाळी आठच्या आसपास सुरू झालीच पाहिजे. वाटेवर सावली तुकड्यातुकड्याने मिळते आणि दुपारी दगडी पायऱ्या तापतात. सह्याद्रीत चालायची सवय असलेल्यांना ही वाट अवघड नाही, पण ऊन आणि गर्दी एकत्र आली की सोपी वाटही जड होते. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा.

शरद ऋतूतल्या पावसाला मात्र हलकं समजू नका. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या मुसळधार पावसाने डोंगरावरची माती आणि दगड खाली आले, वेर्नात्साचा मुख्य रस्ता चिखलाखाली गाडला गेला, मोंतेरोस्सोलाही मोठा तडाखा बसला आणि माणसं दगावली. तेव्हापासून हवामानाचा इशारा आला की वाटा बंद करतात. इशारे पिवळा, नारिंगी, लाल अशा चढत्या क्रमाने असतात आणि इटालियनमध्ये त्यांना 'आलेर्ता' म्हणतात. आदल्या रात्री राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणती वाट उघडी आहे ते बघा आणि निघायच्या सकाळी पुन्हा एकदा बघा.

मुक्काम आणि रेल्वे

पाच गावांत राहणं महाग पडतं, शिवाय सामान घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. कुटुंबासाठी पूर्वेकडचं ला स्पेत्सिया किंवा पश्चिमेकडचं लेवांतो सोयीचं. ला स्पेत्सिया हे खरंखुरं शहर आहे. तिथे बाजार, औषधांची दुकानं, मोठ्या खोल्या सगळं मिळतं. लेवांतो लहान आहे आणि त्याला चांगली पुळण आहे. या दोन टोकांच्या मध्ये चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस नावाची गाडी धावते, हंगामात साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी. ला स्पेत्सियाहून रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येतं, मोंतेरोस्सोला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

फ्लोरेन्सहून दिवसभरात जाऊन येणं जमतं. ला स्पेत्सियाला पोहोचायला सुमारे अडीच तास लागतात आणि बऱ्याचदा पिसाला गाडी बदलावी लागते. पिसाहून तास-सव्वा तास पुरतो. मिलानहून सुमारे तीन तास एका बाजूचे, म्हणजे लहान मुलं सोबत असतील तर एक रात्र मुक्काम कराच. स्वतःची किंवा भाड्याची मोटार गावांत न्यायचा विचार मनातून काढून टाका: गावांत गाड्यांना प्रवेश नाही, वरच्या वाहनतळांवर जागा थोडी आणि दर चढे.

कार्ड कोणतं घ्यावं

इथे दोन कार्डं मिळतात. एक फक्त चालण्याचं, ट्रेकिंग कार्ड. दुसरं रेल्वेसह, त्याला त्रेनो कार्ड म्हणतात. रेल्वेच्या कार्डात लेवांतो ते ला स्पेत्सिया या पट्ट्यातल्या स्थानिक गाड्यांचा हवा तेवढा प्रवास, पैसे भरून चालायच्या वाटा, गावांतल्या छोट्या बसगाड्या आणि स्थानकांवरची स्वच्छतागृहं एवढं सगळं येतं. मुलं आणि आजीआजोबा सोबत असताना शेवटची गोष्ट किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको. बोटीचं तिकीट मात्र यात नाही.

दर दिवसागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. जायच्या तारखेचा दर संकेतस्थळावर बघा. दोन मोठी माणसं आणि लहान मुलं अशा कुटुंबासाठी वेगळं कार्ड असतं, ते आधी तपासा. आपल्या बेतात तीन-चार वेळा गाडीत बसायचं आहे आणि एक वाट पैसे भरून चालायची आहे, त्यामुळे चालणाऱ्यांनी रेल्वेचंच कार्ड घ्यावं. न चालणाऱ्यांनी सुट्या तिकिटांशी एकदा तुलना करून ठरवावं.

कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट खरं असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो. मोबाइलवरचं स्थानिक गाडीचं तिकीट असेल तर प्रवासाआधी त्यात चेक-इन करावं लागतं. कार्डावर स्वतःचं नाव लिहा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

वाटेचे पैसे का घेतात, हे मुलांना वाटेवरच दाखवता येतं, म्हणून थोडं थांबून सांगते. हा सगळा उतार माणसाने हजारेक वर्षं पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेला आहे. प्रत्येक पायरीला दगडांचा बांध आहे आणि त्यात चुना नाही की सिमेंट नाही. आपल्या कोकणातला गडगा जसा नुसता दगडावर दगड बसवून उभा करतात, तसाच. जवळ जाऊन बघा: मोठे दगड दर्शनी बाजूला, मागे बारीक खडीची भर आणि मध्ये फटी. त्या फटींतून पाणी निथळून जातं, म्हणूनच बांध टिकतो. तरुण माणसं शहरात गेली, मळे ओस पडले, बांध ढासळू लागले आणि ढासळलेल्या बांधामागची माती पावसात खाली यायला लागली. वाटांची आणि बांधांची डागडुजी या पैशांतून होते. मुलांना एवढं सांगून ठेवा की बांधावर चढायचं नाही आणि त्यातला एकही दगड काढायचा नाही.

सकाळ: मोंतेरोस्सो

पहाटेच्या गर्दीआधीची गाडी धरून थेट मोंतेरोस्सोला उतरा. स्थानक फेजिना या नव्या भागात, समुद्राला लागूनच आहे. पाच गावांतली सर्वांत मोठी आणि सपाट पुळण हीच. न्याहारी इथेच उरका: कॉफी, मुलांना दूध, आणि बेकरीतून गरम फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव. वाटेत खाण्यासाठी आणखी दोन-चार तुकडे बांधून घ्या. बाटल्या भरून घ्या, दर माणशी किमान एक लिटर. गावातल्या नळावर 'पोताबिले' लिहिलं असेल तर पाणी पिण्याचं आहे. त्याआधी 'नोन' असेल तर पिऊ नका.

पुळणीच्या कडेने पूर्वेकडे चालत, बोगद्यातून जुन्या गावात जायचं, दहा-पंधरा मिनिटं. जुन्या गावातलं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं सान जोव्हान्नी चर्च दोन मिनिटं आत जाऊन बघण्यासारखं आहे. तिथून वेर्नात्साच्या पाट्या लागतात. वाटेवर पांढऱ्या-तांबड्या रंगाच्या खुणा आहेत. या किनारी वाटेला 'सेन्तिएरो आत्सुर्रो', म्हणजे निळी वाट, असं नाव आहे.

चाल: मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा

अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. सडाफटिंग माणूस दीड तासात जाईल, मुलांसह अडीच तास धरा आणि घाई करू नका. सहा-सात वर्षांच्या पुढचं, चालायची सवय असलेलं मूल ही वाट आनंदाने चालतं. त्याहून लहान असेल तर पाठीवरची झोळी हवी. बाबागाडी इथे कुठेच चालत नाही.

मोंतेरोस्सोकडूनच का निघायचं? मोठा चढ सुरुवातीलाच येतो, तेव्हा पाय ताजे असतात आणि ऊन कोवळं असतं. शिवाय गर्दीच्या ठराविक दिवशी या टप्प्यावर सकाळी याच दिशेने चालू देतात. आणि वेर्नात्सा वरून दिसण्याचा क्षण शेवटी येतो, ते फार बरं.

तिकीटचौकी ओलांडली की दगडी पायऱ्या सुरू होतात आणि बराच वेळ संपत नाहीत. इथे मुलांना पुढे पळू देऊ नका. पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, पुढची गुडघ्यापर्यंत. दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा आणि द्राक्षांचे मळे. मोंतेरोस्सोची लिंबं प्रसिद्ध आहेत आणि कधी कधी वाटेतच कुणी ताजा रस काढून विकत असतं. असेल तर नक्की थांबा. द्राक्षांच्या वेली फारशा उंच वाढू देत नाहीत, खाऱ्या वाऱ्यापासून जपाव्या लागतात. याच द्राक्षांतली काही सुकवून त्यांची 'शाकेत्रा' नावाची गोड, दाट वाइन करतात.

मळ्यांमधून उतारावर उभा जाणारा एकच लोखंडी रूळ कुठे ना कुठे दिसतो. त्याला दात असतात आणि त्यावरून छोटं इंजिन डबा ओढत चढतं. सप्टेंबरात द्राक्षाची तोडणी झाली की टोपल्या याच्यावरून हलवतात. पूर्वी हे सगळं ओझं बायका-पुरुष डोक्या-खांद्यावर वाहत असत. आमच्याकडच्या मुलांना डोंगरापेक्षा हा रूळच जास्त आवडला आणि तो कुठून कुठे जातो ते शोधण्यात पुढचा चढ कधी संपला ते कळलंही नाही.

माथ्यावर आलात की वाट समुद्राला समांतर, वरखाली होत जाते. मधले काही तुकडे एकेकट्याने जाण्याएवढे अरुंद आहेत आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. अशा ठिकाणी एक मोठा माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये आणि डोंगराच्या बाजूने. समोरून कुणी आलं तर आपण डोंगराकडे थांबून त्यांना जाऊ द्यावं. 'बोंजोर्नो' म्हणायला मुलांना शिकवा, समोरून हसून उत्तर येतं. लहानशा ओढ्यावरचे दगडी पूल, झाडांची सावली, दमल्यावर बसायला बांधाचा कोपरा, असं सगळं वाटेत मिळतं. खाऊ मात्र अर्धी वाट संपल्यावरच काढा, म्हणजे पुढे हुरूप राहतो.

शेवटच्या उतारावर एका वळणानंतर वेर्नात्सा एकदम खाली उघडतं: समुद्रात घुसलेला खडक, त्यावरचा दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज, धक्क्याला लागून चर्च आणि रंगीत घरांच्या कोंडाळ्यात इवलंसं बंदर. इथे सगळेच थांबतात, म्हणून फोटो काढून पटकन कडेला व्हा. उरलेल्या पायऱ्या गुडघ्यांवर येतात. काठी असेल तर ती वापरायची जागा हीच.

न चालणाऱ्यांची सकाळ

आईबाबा किंवा सासूसासरे भारतातून आलेले असतील तर त्यांची सकाळही तितकीच चांगली जायला हवी. त्यांनी मोंतेरोस्सोलाच थांबावं. पुळणीच्या कडेचा रस्ता सपाट आहे, बसायला बाकं आहेत. दीड-दोन तास समुद्राजवळ घालवून त्यांनी गाडीने वेर्नात्सा गाठावं. मध्ये फक्त एक बोगदा आहे आणि प्रवास काही मिनिटांचा. भेटायची जागा आधीच ठरवा: वेर्नात्साच्या धक्क्यावरचं सांता मार्गारिता चर्च. डोंगरावर मोबाइलचं नेटवर्क जाऊन-येऊन असतं, त्यामुळे 'पोहोचल्यावर फोन करू' यावर विसंबू नका. जागा आणि वेळ दोन्ही ठरवा आणि वेळेत अर्धा तास सैल ठेवा.

एक बारकावा. वेर्नात्साचा फलाट आखूड आहे आणि गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. अंधार बघून 'अजून स्थानक आलं नाही' असं समजू नका. दार उघडलं की उतरा आणि उजेडाच्या दिशेने चला. हे वडीलधाऱ्यांना निघतानाच सांगून ठेवा.

समुद्र शांत असेल तर मोंतेरोस्सोहून वेर्नात्साला बोटीने येणं फार सुंदर. बोटी साधारण मार्चअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि कोर्नील्या सोडून बाकी चारही गावांना लागतात. कोर्नील्या समुद्रापासून शंभरेक मीटर वर, कड्यावर आहे. गावं समुद्रातूनच पूर्ण दिसतात, हे खरं. पण चढ-उतार नाळेवर लावलेल्या अरुंद फळीवरून करावी लागते आणि लाटा असतील तर ती हलते. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी बघून मग ठरवावं.

दुपार: वेर्नात्सा आणि जेवण

उपाहारगृहांची स्वयंपाकघरं साधारण अडीचला बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. म्हणून दीडच्या आत टेबल धरा. बिलात माणशी 'कोपेर्तो' नावाची छोटी रक्कम येते; ती बैठकीची असते, फसवणूक नाही.

शाकाहारी कुटुंबांना लिगुरियात, म्हणजे या किनारी प्रांतात, उपाशी राहावं लागत नाही. पेस्तो इथलाच: तुळशीच्या जातीचा बासिलिको, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल. त्यात घोळलेला 'त्रोफिए' नावाचा पिळदार पास्ता मुलं आवडीने खातात. जुन्या पद्धतीत त्यात बटाटा आणि फरसबीही घालतात. अक्रोडाच्या सॉसमधला 'पान्सोती' हा सारण भरलेला पास्ताही चांगला. पण पेस्तोतलं पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणून कडक शाकाहारींनी पेस्तोही टाळावा. त्यांच्यासाठी आणि जैन मंडळींसाठी हुकमी पदार्थ म्हणजे फारिनाता: बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच. तांब्याच्या मोठ्या परातीत पातळ ओतून भट्टीत भाजतात, वरून तपकिरी पापुद्रा, आत मऊ, आणि चौकोनी तुकडे कापून कागदात देतात. वर मिरपूड भुरभुरवून गरमच खायचा. ला स्पेत्सियात तो चांगला मिळतो. ऑर्डर देताना 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं सांगा. आणि 'आच्चुगे' हा शब्द पिझ्झ्यावर दिसला तर ते अँकोव्ही मासे आहेत. मासे खाणाऱ्यांनी मात्र हे सोडू नयेत, मोंतेरोस्सोचे खारवलेले अँकोव्ही नावाजलेले आहेत.

जेवणानंतर मुलांना बंदरातल्या वाळूच्या तुकड्यावर पाय बुडवू द्या. ज्यांच्या अंगात दम आहे त्यांनी बुरुजावर जाऊन यावं. वेगळं छोटं तिकीट असतं. बाकीच्यांनी जिलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, घेऊन धक्क्यावर बसावं. या वेळेत आणखी एक गाव कोंबायचा मोह होतो, तो आवरा.

संध्याकाळ: मानारोला

चार-साडेचारला गाडीने मानारोला गाठा. स्थानकातून पायी बोगदा ओलांडला की गावाचा रस्ता लागतो आणि घरांसमोर, मोटारी उभ्या असाव्यात तशा, नावा उभ्या दिसतात. समुद्र खवळला की या गावात नाव सुरक्षित ठेवायला आडोसा नाही, म्हणून त्या वर ओढून आणतात. खाली उतरून धक्का बघा आणि तिथून उजवीकडे पुंता बोन्फील्यो या टेकाडाकडे जाणाऱ्या कड्यालगतच्या रस्त्याने चला. पोस्टकार्डावरचं मानारोला दिसतं ते इथूनच. वर मुलांना खेळायला छोटी बागही आहे. संध्याकाळचं ऊन थेट घरांवर येतं, म्हणून हे गाव शेवटी ठेवलं आहे.

आजीआजोबांना घेऊन एखादी सोपी, सपाट वाट चालायचीच असेल तर रिओमाज्जोरे ते मानारोला ही विया देल्लामोरे आहे, एक किलोमीटरच्या आतली, समुद्रावरच्या कड्यात कोरलेली. २०१२ मध्ये दरड पडून पर्यटक जखमी झाले आणि ती बंद झाली. मोठ्या कामानंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिला कार्डाखेरीज ठरावीक वेळेचं वेगळं आरक्षण लागतं आणि रिओमाज्जोरेकडूनच आत सोडतात. तिचं आरक्षण मिळालं तर वेर्नात्साहून थेट रिओमाज्जोरेला जा आणि तिथून चालत मानारोलाला या.

निळी वाट बंद असेल तर

माझ्या मते कुटुंबासाठी दुसरी वाटही तोलामोलाची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. मानारोलाहून छोट्या बसने वर वोलास्त्रा या वाडीत जा. बस कार्डात धरलेली आहे आणि तीनशेहून अधिक मीटरचा पायऱ्यांचा चढ वाचतो. तिथून द्राक्षमळ्यांमधून, बांधांच्या काठाकाठाने, जवळजवळ सपाट वाट कोर्नील्याच्या दिशेने जाते. उजवीकडे वेली, डावीकडे थेट खाली समुद्र. शेवटी झाडीतून मोठा उतार आहे, दमाने उतरावा. मुलांसह अडीच तास धरा. कोर्नील्याहून स्थानकापर्यंत पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. त्या उतरायच्या नसतील तर गावातून बस मिळते. हवामानाच्या इशाऱ्यात ही वाटही टाळायचीच.

पायात काय, पिशवीत काय

चपला आणि सँडल घालून या वाटांवर जाण्यास मनाई आहे आणि दंडही होतो. चांगल्या पकडीचे बंद बूट हवेत. टोपी, सनस्क्रीन, पातळ विंडचीटर, मुलांसाठी एक कपड्यांचा जोड आणि छोटा टॉवेल, प्रथमोपचाराची पुडी, मोबाइलची पॉवर बँक. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असतील तर माथ्यावर त्यांची चव काही औरच. कचरा पिशवीत भरून खाली आणा. मोठ्या बॅगा ला स्पेत्सिया स्थानकावरच्या सामानघरात ठेवा. गर्दीच्या फलाटावर पाकीट पुढच्या खिशात. कुठल्याही आणीबाणीसाठी ११२.

परतताना

मानारोलाहून ला स्पेत्सियाकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर संध्याकाळी सहा-सातला मोठी झुंबड असते. फलाटाच्या टोकाकडे जाऊन उभे राहा, तिथले डबे मोकळे असतात. आणि कोणत्या मुलाचा हात कुणी धरायचा ते गाडी येण्याआधी ठरवा. फलकावर शेवटचं स्थानक वाचूनच चढा, कारण लेवांतोकडची गाडी उलट्या दिशेने जाते. फ्लोरेन्स किंवा पिसा गाठायचं असेल तर ला स्पेत्सियाहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीवर बेत आखू नका, तिच्या आधीची धरा. संपाचा दिवस असेल, त्याला इटालियनमध्ये 'शोपेरो' म्हणतात, तर स्थानकावर आधी सूचना लागते. ती सकाळी निघतानाच वाचून घ्या.